धागा: बँटम, विलीज, पॉवर वॅगन, स्काउट, ब्रॉन्को... जुन्या अमेरिकन फोर-बाय-फोर (चारही चाकांनी ओढणाऱ्या) गाड्यांवर बोलूया

घाटवाट:

दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की जीप विलीज कंपनीने बनवली आणि विषय तिथेच संपला. मला काही ते सोडवेना, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. विलीजने बनवली हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं श्रेय ज्यांचं त्यांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही, ते म्हणजे बँटम.

१९४० चा उन्हाळा. फ्रान्स जर्मनीच्या हातात गेलेला आणि अमेरिकन सैन्याच्या लक्षात आलं की टेहळणीसाठी आपल्याकडे अजून घोडे आणि साइडकारवाल्या मोटरसायकलीच आहेत. मग त्यांनी १३५ कंपन्यांना कळवलं की आम्हाला चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी पाहिजे, वजन १३०० पौंडांच्या आत म्हणजे ५९० किलो, आणि पहिली गाडी ४९ दिवसांत. १३५ पैकी पुढे आल्या फक्त दोन, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. विलीजने जास्त वेळ मागितला. बँटमने हो म्हणून टाकलं.

आता ही बँटम कंपनी म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या बटलर नावाच्या गावात ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनच्या धर्तीवर छोट्या कार बनवणारी, आधी अमेरिकन ऑस्टिन या नावाने दिवाळखोरीत जाऊन परत उभी राहिलेली, पैसा नाही आणि हाताशी इंजिनीअरही नाहीत अशी अवस्था. त्यांनी डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट नावाच्या फ्रीलान्स इंजिनीअरला बोलावलं. तो १७ जुलैला कामाला बसला, दोन दिवसांत आराखडे काढले, २२ जुलैला बोली भरली. बोली मिळाली तरच त्याला पैसे मिळणार होते! मग गाडी बनवून २३ सप्टेंबरला स्वतः रस्त्याने चालवत बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड या सैन्याच्या तळावर नेली. मुदत संध्याकाळी ५ पर्यंत होती, हे लोक अर्धा तास आधी पोचले. वजन १३०० पौंडांच्या कितीतरी वर होतं पण गाडीने तिथल्या चिखलात आणि चढांवर जे काही करून दाखवलं ते बघून सैन्याने वजनाची अटच सैल केली.

आणि इथून पुढची गोष्ट मला अजून सहन होत नाही. एवढी छोटी कंपनी लाखांनी गाड्या कशा देणार म्हणून सैन्याने बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. तिघांनाही पहिल्या १५००-१५०० गाड्यांची ऑर्डर मिळाली, पण मोठं काम विलीजला गेलं, नंतर जोडीला फोर्ड आली. युद्ध संपेपर्यंत विलीजने साधारण ३.६ लाख आणि फोर्डने २.८ लाख जीप बनवल्या. बँटमच्या झाल्या सुमारे २७००, त्याही बऱ्याचशा ब्रिटिश आणि रशियन सैन्याकडे गेल्या, आणि मग बँटमला काम मिळालं ते जीपच्या मागे लावायचे ट्रेलर बनवायचं.

विलीजला कमी लेखायचं नाही. त्यांचं इंजिन खरंच भारी होतं. २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर, नाव गो-डेव्हिल. बँटम आणि फोर्डच्या गाड्या ४५-४६ वर होत्या, फोर्डने तर ट्रॅक्टरचंच इंजिन बसवलेलं. पण त्या दणकट इंजिनामुळे विलीजची गाडी जड झाली, नवी मर्यादा २१६० पौंड होती तिच्याही वर. तेव्हा त्यांचा मुख्य इंजिनीअर बार्नी रूस याने गाडी सुटी केली आणि एकेक भाग वजन करून बघितला. बोल्ट जास्त लांब आहे, काप. पत्रा जाड आहे, पातळ घे. रंगाचे दोन हात नकोत, एकच दे. असं करत करत गाडी मर्यादेत बसवली पण इंजिन सोडलं नाही. आणि ती पट्ट्यापट्ट्यांची पत्र्याची जाळी, जिला आज सगळे जीपचा चेहरा म्हणतात, ती फोर्डची कल्पना. विलीज आधी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून जाळी बनवायची, फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढली, स्वस्त आणि हलकी, मग विलीजनेही तीच घेतली.

म्हणजे कल्पना उभी केली बँटमने, ताकद विलीजची, चेहरा फोर्डचा. युद्धात विलीजने जाहिराती केल्या की जीपचे जनक आम्हीच, त्यावर फेडरल ट्रेड कमिशनकडे (धंद्यातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) प्रकरण गेलं आणि १९४८ मध्ये निकाल लागला की विलीजला असं म्हणता येणार नाही. पण तोवर बँटमचं मोटारी बनवणं संपलेलं होतं.

ज्यांना या गाड्या आवडतात त्यांनी लिहा, नुसतं जीपवर नको, स्काउट, ब्रॉन्को, ब्लेझर, पॉवर वॅगन सगळं येऊ द्या.

टोलेडोकर:

वा, बँटमबद्दल मराठीत कोणीतरी लिहिलं! मी टोलेडोपासून तासाभरावर राहतो, ओहायोतलं विलीजचं गाव, आजची जीप रँग्लरही इथेच बनते.

युद्धानंतरचा भाग मी लिहितो कारण माझं प्रेम तिथे आहे. १९४५ मध्ये सैन्याची ऑर्डर संपत आली तेव्हा विलीजपुढे प्रश्न उभा राहिला की आता ही गाडी विकायची कोणाला. उत्तर होतं शेतकरी. सीजे-२ए नावाची जी पहिली नागरी जीप आली ती त्यांनी शेतीचं औजार म्हणूनच विकली. मागे उघडणारं फळकूट आलं कारण पोती टाकायची, स्टेपनी मागून बाजूला गेली, हेडलाइट मोठे झाले. पेट्रोलचं तोंड बाहेर आलं, कारण सैन्याच्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, पेट्रोल भरायचं तर आधी उठून सीट उचलायची. गिअर आणि एक्सलचं गुणोत्तर बदललं म्हणजे सावकाश पण जोराने ओढेल. आणि इंजिनच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र चालवायची सोय, पीटीओ. त्यावर करवत लावा, मळणीयंत्र लावा, खड्डे पाडायचा गिरमिट लावा. जुन्या जाहिराती बघा, जीप नांगर ओढतेय, शेजारी घरातली मंडळी उभी.

नांगरायला ती खऱ्या ट्रॅक्टरपुढे कमीच पडायची हे मी मान्य करतो. पण सकाळी शेतात काम, दुपारी धान्य घेऊन बाजारात आणि रविवारी घरच्यांना घेऊन चर्चला, हे ट्रॅक्टरने होत नव्हतं. एका शेतकऱ्याला एकच इंजिन परवडणार असेल तर ते सगळ्या कामाला आलं पाहिजे, हा तिचा जन्माचा विचार आणि मला तोच आवडतो.

अजून एक, सैन्याच्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर होते. पंखांचा नट सैल केला की उलटे फिरून इंजिनवर उजेड पाडायचे, रात्री दुरुस्तीला बॅटरी धरायला दुसरा माणूस नको. असं कोणी आज करेल का सांगा.

नवशिका:

मस्त चाललाय धागा. बेसिक प्रश्न विचारतो. लिव्हरवर २H, ४H, ४L असतं त्याने नक्की काय होतं? आणि जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी जो गोल खटका असतो, खाली उतरून फिरवतात तो, तो कशाला?

बाराचा पाना:

@नवशिका, हे माझ्याकडे लागलं. कराडला आमचं गॅरेज, वडिलांचा हात महिंद्राच्या सीजे-थ्रीबीवर बसलेला आणि ती गाडी म्हणजे विलीजच, त्यामुळं सांगतो.

इंजिनच्या मागं गिअरबॉक्स आणि त्याच्या मागं अजून एक छोटा डबा, ट्रान्सफर केस. याचं काम ताकद मागं आणि पुढं वाटायचं. २H ला फक्त मागचा जॉइंट, म्हंजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा, फिरतो. ४H ला पुढचा पण जोडला जातो, चारी चाकं ओढतात. ४L ला चारी चाकं ओढतातच पण त्या डब्यात अजून एक गिअर मधी येतो, वेग कमी, जोर जास्त. जुन्या सीजे चा हिशोब सांगतो, पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, एक्सल ५.३८. गुणाकार करा, ३७ येतो. म्हंजे इंजिन ३७ वेळा फिरलं की चाक एकदा. म्हणून साठ-सत्तर हॉर्सपॉवरची गाडी ॲक्सिलरेटरला पाय न लावता दगडावर चढते आणि उतारावर ब्रेक न दाबता सावकाश उतरते. ताकद इंजिनात नाही राव, गिअरमध्ये आहे.

आता नवीन माणूस फसतो ते इथं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधी डिफरन्शियल, म्हंजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, नाही, दोन्ही घट्ट बांधलेले. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात रेतीत चाक थोडं घसरून ते जमवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा पीळ जॉइंटच्या क्रॉसवर नि गिअरवर येतो. स्टेअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. म्हणून डांबरावर ४H मधी फिरायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि तो गोल खटका म्हंजे हब. २H मधी गाडी चालली तरी पुढची चाकं फिरताना आतले दांडे, डिफरन्शियल, पुढचा जॉइंट सगळ्यांना फुकट फिरवत राहतात. पेट्रोल जातं, आवाज येतो, झीज होते. १९४८ ला आर्थर वॉर्न नावाच्या माणसानं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हे सुटे करता येणारे हब विकायला सुरुवात केली, युद्धातून उरलेल्या जीप लोक रस्त्यावर चालवायला घेत होते त्यांच्यासाठी. आज त्याच नावाच्या विंच, म्हंजे फसलेली गाडी दोरानं ओढायची यंत्रं, सगळ्या जगात जातात. हब फ्री केला की चाक एकटं फिरतं, लॉक केला की आतल्या दांड्याला जोडलं जातं. चिखलात शिरायच्या आधी उतरून फिरवायचे, फसल्यावर गुडघाभर राड्यात उतरून फिरवण्यात काय मजा नाही.

नवशिका:

एवढं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं, ३७ चा हिशोब तर लिहूनच ठेवला. धन्यवाद दादा.

लोखंडी:

जीप जीप काय, जरा मोठ्या भावाकडे बघा. डॉज पॉवर वॅगन.

युद्धात जीपच्या जोडीला डॉजचे पाऊण टनी ट्रक होते, डब्ल्यूसी मालिका. तोफा ओढायला, जखमी न्यायला, रेडिओ न्यायला. सैनिक घरी आले आणि त्यांना तोच ट्रक पाहिजे होता. डॉजने १९४६ मध्ये सैन्याच्या ट्रकची चासी घेतली, त्यावर युद्धाआधीच्या नागरी ट्रकची केबिन बसवली, आणि एक टनी पॉवर वॅगन म्हणून विकायला काढली. २३० क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं साइडव्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह बाजूला असलेलं) इंजिन, ९४ हॉर्सपॉवर, १२६ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), पुढच्या बंपरवर इंजिनवरच चालणारी विंच. दिसायला एकदम राकट, मडगार्ड वेगळे, बोनेट उंच, सगळं बोल्टने जोडलेलं. आणि अमेरिकेत ती १९६८ पर्यंत विकली, जवळजवळ त्याच चेहऱ्याने! आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांना पंख आले, गेले, क्रोम आलं, ही तशीच.

कोण घ्यायचं? विजेच्या तारा ओढणारे, वणवा विझवणारे, खाणवाले, लाकूडतोडे. शोरूममधल्या कौतुकासाठी कोणी घेत नव्हतं. वेग नाही, आराम नाही, हॉर्सपॉवरही आजच्या छोट्या कारएवढी. पण जिथे रस्ता संपतो तिथून ट्रकभर सामान पुढे न्यायचं असेल तर त्या काळात कारखान्यातून सरळ मिळणारा दुसरा पर्याय फारसा नव्हता. मारमन-हेरिंग्टन कंपनीवाले फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना फोर-व्हील करून द्यायचे, मिनियापोलिसची नॅपको कंपनी शेवरलेसाठी किट द्यायची, पण ते महाग. शेवरलेच्या कारखान्यातून फोर-बाय-फोर पिकअप मिळायला १९५७ उजाडलं, फोर्डकडून १९५९. डॉज त्यांच्या दहा-बारा वर्षं आधी.

घाटवाट:

@लोखंडी, पूर्ण पटलं. पॉवर वॅगन या सगळ्यातली सगळ्यात प्रामाणिक गाडी आहे असं माझं मत.

लालमाती:

मी युटाहमध्ये राहते, मोआब जवळ आहे म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने जवळ. इथे या गाड्यांचं एक वेगळंच नातं आहे ते सांगते.

मोआबच्या आसपास लाल खडकांमध्ये जे फोर-बाय-फोर ट्रेल आहेत त्यातले कितीतरी कोणी मजेसाठी बनवलेले नाहीत. १९५० च्या दशकात अणुबॉम्बसाठी युरेनियम पाहिजे होतं, सरकार भाव देत होतं, आणि शेकडो माणसं जुनी युद्धातली जीप घेऊन या वाळवंटात घुसली. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञाला इथे मोठा साठा लागला, त्याच्याकडे रेडिएशन मोजायचं यंत्रसुद्धा नव्हतं, आणि मग तर झुंबडच उडाली. बुलडोझरने कड्यांच्या अंगावरून वाटा कोरल्या. पुढे युरेनियमचा बाजार बसला, माणसं गेली, वाटा राहिल्या. १९६७ मध्ये गावाने ईस्टर जीप सफारी सुरू केली आणि आता दर वसंतात हजारो गाड्या येतात.

या वाटांवर पहिल्यांदा गेले तेव्हा एक गोष्ट कळली जी फोटोंमध्ये कळत नाही. इथे वेगाचं काही काम नाही. माणूस चालतो त्याहून सावकाश जायचं, एक चाक दगडावर, दुसरं हवेत, शेजारी उतरून कोणीतरी हाताने खुणा करतंय डावीकडे, डावीकडे, थांब. त्याला स्पॉटर म्हणतात. जुनी सीजे-५ अशा ठिकाणी बघावी, ८१ इंचांचा व्हीलबेस, पुढे मागे लोंबतं काहीच नाही, ड्रायव्हरला बोनेटच्या दोन्ही कडा दिसतात. नव्या गाडीत कॅमेरे आहेत, पण त्या जुन्या गाडीत तुम्ही मान बाहेर काढली की चाकच दिसतं.

कॅलिफोर्नियातली रुबिकॉन वाटसुद्धा अशीच प्रसिद्ध, जॉर्जटाऊनहून लेक टाहोकडे जाणारी. तिथे १९५३ मध्ये मार्क स्मिथ आणि गावकऱ्यांनी जीप जांबोरी चालू केली, गावात पर्यटक यावेत एवढाच हेतू. नंतर कंपनीने रँग्लरच्या सगळ्यात तगड्या मॉडेलला त्या वाटेचंच नाव दिलं.

टोलेडोकर:

लालमाती ताई, अजून लिहा की. फोटो असतील तर टाका.

जुनंतेसोनं:

आता माझ्या लाडक्या दोघी, स्काउट आणि ब्रॉन्को.

स्काउट बनवली इंटरनॅशनल हार्वेस्टरने, म्हणजे ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं बनवणारी कंपनी, फोर्ट वेन, इंडियानात. डिझायनर टेड ऑर्नास. १९६१ च्या मॉडेलची पहिली स्काउट ८०, आधी बॉडी प्लास्टिकची करायचा विचार होता मग पत्र्यावर आले. टप निघतं, काच पुढे पडते, दारं निघतात, जीपसारखंच सगळं पण थोडी जास्त गाडीसारखी, दार लावलं की दार लागतं. इंजिनची गंमत ऐका, कंपनीकडे ३०४ क्युबिक इंचांचं व्ही-८ होतं, त्यांनी त्याची एक बाजू ठेवली, एक काढून टाकली, झालं १५२ क्युबिक इंचांचं तिरकं चार सिलिंडर. नवीन इंजिन बनवायचा खर्च वाचला आणि कितीतरी सुटे भाग दोन्हीला तेच. शेतीचं सामान बनवणाऱ्यांच्याच डोक्यात हे येऊ शकतं. १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त स्काउट बनल्या. शेवटी कंपनीच अडचणीत आली, १९७९-८० चा लांबलेला संप, कर्ज, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची स्काउट बाहेर पडली. गाडीत खोट नव्हती, घरच बुडालं.

स्काउट खपतेय बघून फोर्ड जागी झाली. १९६६ च्या मॉडेलची ब्रॉन्को, मागे डोनाल्ड फ्रे, तोच ज्याने फोर्डची मस्टँग कार आणली. पुढे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्या, त्याने गाडी कमी आपटायची आणि कमी जागेत वळायची. ९२ इंचांचा व्हीलबेस. काचा सपाट, पत्रा सरळ, खर्च कमी ठेवायचा म्हणून सगळं डब्यासारखं, आणि गंमत म्हणजे त्याच साधेपणामुळे ती आज इतकी देखणी वाटते. पहिल्या वर्षातच व्ही-८ मिळायला लागलं. १९६९ मध्ये रॉड हॉल आणि लॅरी मायनर यांनी मेक्सिकोतल्या बाहा वाळवंटातली एन्सेनादा ते ला पाझ शर्यत ब्रॉन्कोत जिंकली, आपल्या वर्गात नाही, सगळ्यांत पहिले, बग्ग्या आणि मोटरसायकलींच्याही पुढे. एका फोर-बाय-फोरने हे करावं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण धंद्यात हरली. शेवरलेने १९६९ मध्ये के-५ ब्लेझर आणली, डोकं साधं, आपल्याच पिकअपला आखूड करून वर निघणारं टप ठेवलं. मोठी, रुंद, एसी, ऑटोमॅटिक, आणि वेगळी चासी बनवायचा खर्च नाही. १९७२ पर्यंत तिचा खप ब्रॉन्कोच्या दुप्पट झाला. डॉजची रॅमचार्जर १९७४ ला त्याच वाटेने आली, फोर्डनेही १९७८ ला ब्रॉन्को मोठी केली. छोटी ब्रॉन्को १९६६ ते ७७ एवढीच, सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि लोकांनी मोठे टायर बसवायला मागचे मडगार्ड कापले त्यामुळे न कापलेली मिळणं कठीण. आज नीट उभी केलेली कधीकधी एक लाख डॉलरच्याही वर जाते.

अमृतवेल:

वॅगोनिअरचं नाव कोणीच घेतलं नाही? १९६३ च्या मॉडेलची जीप वॅगोनिअर, ब्रुक्स स्टीव्हन्सचं डिझाइन, फोर-व्हील ड्राइव्हला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स देणारी पहिली, रेंज रोव्हर यायच्या सात वर्षं आधी. आणि १९९१ पर्यंत तीच बॉडी. बाजूला लाकडाच्या नक्षीचं स्टिकर, आत लेदर. आज जगभर जी एसयूव्ही विकली जाते तिची आई हीच आहे. माझ्या मते या धाग्यात तिला पहिली जागा पाहिजे.

घाटवाट:

@अमृतवेल, तिचं महत्त्व मोठं आहे यात वाद नाही, पण पहिली जागा मी देणार नाही. या गाड्यांमध्ये मला जे आवडतं ते म्हणजे प्रत्येक गोष्ट तिथे का आहे याचं कामातून आलेलं कारण. पीटीओ शेतासाठी, विंच खाणीसाठी, हब पेट्रोल वाचवायला, सपाट काच कारण फुटली तर कुठल्याही गावात कापून मिळते. वॅगोनिअरच्या लाकडी स्टिकरला असं कारण नाही, ते आवडावं म्हणून आहे. तिथून पुढे ग्राहक बदलला. कामासाठी घेणारा माणूस मागे पडला, कधीतरी लागेल म्हणून घेणारा पुढे आला.

अमृतवेल:

हे मला अर्धंच पटतं. बर्फात डोंगरावर राहणाऱ्या बाईला मुलांना शाळेत सोडायचंय, दवाखान्यात जायचंय, ते काम नाही का? युद्ध, शेत आणि खाण एवढंच काम धरलं तर अर्धी माणसं बाहेर राहतात. वॅगोनिअरने फोर-व्हील ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला, दोन लिव्हर आणि जड क्लच न शिकता. १९७३ ला क्वाड्रा-ट्रॅक आलं, मधे डिफरन्शियल, म्हणजे वर पानादादा म्हणाले तो डांबरावरचा पीळ गेला. स्टिकर सोडा, आत बघा.

घाटवाट:

मुलांच्या शाळेचा मुद्दा खरंच बिनतोड आहे. मानलं, तेही कामच. स्टिकरवर मात्र मी ठाम.

सरळरेष:

सगळे कौतुक करताय ते ठीक पण एक बाजू राहिली. आखूड व्हीलबेस, उंच गाडी, अरुंद चाकं, वर कापडी हुड. सीजे-५ उलटण्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला, १९८० च्या डिसेंबरमध्ये टीव्हीच्या बातमीपत्रात गाडी उलटून दाखवली होती, कोर्टात खटले झाले. १९८३ ला सीजे-५ बंद झाली, ८६ ला सीजे-७, आणि जागी आलेली रँग्लर मुद्दाम रुंद आणि बुटकी. ज्यांना जुनी घेऊन हायवेला पळवायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी दांडा) नसेल तर आधी तो बसवा, सीटचे पट्टे बसवा, मग रंगाचं बघा.

बाराचा पाना:

शंभर टक्के. आणि पुढं डिस्क ब्रेक. जुन्या ड्रम ब्रेकात पाणी शिरलं की ओढ्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दाब हवेतच जातात, ओढा पार केला की सावकाश चालवत ब्रेक दाबून वाळवायचे ही सवयच पाहिजे.

नवशिका:

दादा तुम्ही म्हणालात महिंद्राची जीप विलीजच, ते कसं?

बाराचा पाना:

अहो सरळ आहे. कंपनी १९४५ ची, तेव्हा नाव महिंद्र अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४७ पासून विलीजच्या जीप सुट्या भागात यायला लागल्या नि पुढं मुंबईत माझगावला जोडल्या जायच्या. पुढं सीजे-थ्रीबी इथंच बनायला लागली. ती ओळखायची सोपी, बोनेट उंच. कारण तिचं हरिकेन इंजिन, आतला व्हॉल्व्ह वर आणि धुराचा खाली ब्लॉकमधी, त्यामुळं इंजिन उंच झालं आणि बोनेट वर घ्यावं लागलं. अमेरिकेत ती १९५३ ते ६८, आमच्याकडं त्याच्या पुढं कितीतरी वर्षं. जपानमधी मित्सुबिशीनं तसलीच जीप १९९८ पर्यंत बनवली. पीडब्ल्यूडी, फॉरेस्ट, पोलीस, साखर कारखाना, सगळ्यांकडं तीच. नंतर लांब चासीवरची कमांडर वडापला, म्हंजे सीट भरून चालणाऱ्या खासगी वाहतुकीला लागली, कराड पाटण रस्त्याला आत किती नि मागं लटकलेली किती ते मोजायची सोय नव्हती.

जुनंतेसोनं:

यात स्काउटचाही धागा आहे बरं का. १९६३ मध्ये महिंद्राने ट्रॅक्टरसाठी कंपनी काढली ती इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर. म्हणजे जीपचं घराणं आणि स्काउटचं घराणं, अमेरिकेत एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे, मुंबईत एका घरात नांदले.

टोलेडोकर:

आणि वर्तुळ अमेरिकेत परत आलं. २०१८ मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये रॉक्सर बनवायला घेतली, रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, शेतावर आणि रानात चालवायची. दिसायला अगदी जुनी सीजे. जीपची तेव्हाची मालक फियाट क्रायसलर हिने तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तिच्या विक्रीवर बंदी आणली, मग महिंद्राने चेहरा बदलून परत आणली. कायद्याने जे असेल ते असो, ज्या कंपनीने विलीजच्याच परवान्याने ती गाडी इतकी वर्षं जिवंत ठेवली तिला तोच चेहरा लावायला मनाई झाली याचं मला वाईट वाटलं.

घाटवाट:

आणि बँटमचे आराखडे वाटून घेतले तेव्हा कोणाला मनाई झाली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

नवशिका:

शेवटचा प्रश्न. माझा भाऊ ओहायोत आहे, त्याला जुनी सीजे किंवा स्काउट घ्यायची आहे, काय बघावं?

टोलेडोकर:

ओहायोतली घेऊ नको म्हणावं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, चासी आतून खाल्लेली असते आणि वरून रंग चकचकीत. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटाहकडची शोधा, ट्रकवर टाकून आणायचा खर्च आला तरी शेवटी स्वस्त पडते. स्काउट तर गंजाला फारच हळवी, दाराखालचा पत्रा आणि मागच्या चाकांमागचे कोपरे आधी बघायचे.

लालमाती:

इकडे पत्रा चांगला मिळतो पण रबर उन्हाने करपलेलं असतं, दारांची पट्टी, पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे पाइप सगळे नवे धरूनच हिशोब करा.

बाराचा पाना:

आडवं झोपून चासी बघायची, विशेषतः मागच्या पाट्यांचं ब्रॅकेट जिथं बसतं तिथं. हातोडीनं हळू ठोकायचं, टण्ण वाजलं तर पुढं, भद्द वाजलं तर नमस्कार. मग ४L टाकून पुढं मागं करून बघायचं, लिव्हर आपोआप गिअरमधनं बाहेर उडतो का, ट्रान्सफर केसमधनं ओरडल्यासारखा आवाज येतो का. थोडं तेल गळत असलं तर घाबरू नका, ते सगळ्याच गाळतात. अजिबात गळत नसेल तर आधी आत तेल आहे का ते बघा.